अंपायरसाहेब, मला हाकला!

भांडायला आलेल्या कोचला थंड कसं करावं, हे आपल्याइतकं अख्ख्या नेब्रास्कात कुणाला कळत नाही, असं एल्डन क्रूसचं मत होतं. कुणी विचारलं नाही तरी तो हे मत सांगत असे. न्हाव्याकडे सांगे, पेट्रोल भरताना सांगे. एकदा दात काढून घेताना डेंटिस्टला सांगायला गेला आणि स्वतःची जीभ चावून घेतली.

"कोच म्हणजे उतू जाणारं दूध," तो म्हणे. "फुंकर मारायची नाही, झाकण ठेवायचं नाही. नुसतं शेजारी उभं राहायचं. गॅस कधीतरी संपतोच!"

बेसबॉलच्या अंपायरला हे शास्त्र यावंच लागतं. निर्णय विरुद्ध गेला की कोच तरातरा मैदानात येतो, टोपी आपटतो, नाकाला नाक लावून ओरडतो, आणि लोक हा खेळाचाच भाग समजतात. त्यातही एक अलिखित कायदा आहे. 'हा निर्णय भिकार आहे' म्हटलेलं चालतं. 'तू भिकार आहेस' म्हटलं की अंपायर हात वर फेकतो आणि कोच मैदानाबाहेर. निर्णयाला आईबाप नसतात, अंपायरला असतात, एवढाच फरक.

खरं सांगायचं तर एल्डनचं हे दुधाचं शास्त्र एकाच वर्षाचं होतं. त्याआधी त्याचा हात फार लवकर वर जाई. मागच्या हंगामात लीगचे निरीक्षक त्याला तोंडावर म्हणाले होते, "नजर उत्तम आहे तुझी. पण तू माश्या मारतोस तशी माणसं बाहेर काढतोस." सगळ्यात खालच्या लीगमध्ये घासून घासून त्याची अकरा वर्षं गेली होती. या वर्षी वर चढला तर चढला, नाहीतर घरी. घरी म्हणजे मेव्हण्याचं टायरचं दुकान. मेव्हण्याने एल्डनच्या नावाचा डगला शिवूनही ठेवला होता आणि दर रविवारी फोन करून पोट वाढलं नाही ना, अशी चौकशी करत असे.

म्हणून या हंगामात एल्डनने कानाला खडा लावला होता. कुणालाही बाहेर काढायचं नाही. कुणी आई काढली तरी त्या माउलीची तब्येत कशी आहे ते विचारायचं.

आणि त्या शुक्रवारी प्लम क्रीकच्या मैदानावर खुद्द निरीक्षक हॅनरॅटी येऊन बसले. तीस वर्षं अंपायर राहिलेला माणूस. गवती टोपी, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी, आणि चेहरा असा की दात आहेत की नाहीत हे आजवर कुणाला कळलेलं नव्हतं. एल्डनने आपला जोडीदार अंपायर गस याला बाजूला घेतलं.

"गस, आज काहीही होऊ दे. मैदानात बैल शिरला तरी कुणाला बाहेर काढायचं नाही. हात खिशात!"

"दोन्ही?" गसने विचारलं.

"दोन्ही!"

गस आज्ञाधारक माणूस. त्याने तिथल्या तिथे दोन्ही हात खिशात घातले.

सामना मुळात दीड तास उशिरा सुरू झाला, कारण गवताला पाणी घालणारे फवारे चालू झाले ते बंदच होईनात. शेवटी कुणीतरी पाइपावर ट्रक उभा केला तेव्हा ते थांबले. या उशिराने एल्डनचं काही बिघडलं नाही. बिघडलं ते डेल मकनीलीचं.

डेल हा प्लम क्रीक बॅजर्सचा कोच. माणूस ऐसपैस, आवाज त्याहून ऐसपैस. मैदानाच्या कुंपणापलीकडे, रस्ता ओलांडला की मेथडिस्ट चर्च आहे. उन्हाळ्यात चर्चच्या खिडक्या उघड्या असतात. मागच्या महिन्यात डेलने एका अंपायरचा जो उद्धार केला तो उघड्या खिडकीतून थेट भजनाच्या तालमीत जाऊन पडला. तालमीत डेलची बायको लोर्ना पहिल्या रांगेत उभी होती. पाद्रीबाबांनी तिच्याकडे पाहिलं, म्हाताऱ्या मिसेस व्होल्फने तिच्याकडे पाहिलं. लोर्नाने छताकडे पाहिलं.

त्या रात्री घरी डेलला दोन अटी मिळाल्या. एक, चर्चच्या वर्धापनदिनापर्यंत तोंडातून एकही वाईट शब्द नाही. दोन, वर्धापनदिनाला, म्हणजे याच शुक्रवारी, साडेसातला लोर्ना एकटीने गाणार आहे, तेव्हा तिसऱ्या बाकावर हजर. गेली चार वर्षं ती गात होती आणि चारही वर्षं तिसरा बाक रिकामा होता. यंदा रिकामा राहिला तर डेलची बॅग ओसरीवर असेल. लोर्नाने हे ओरडून सांगितलं नाही. भांडी पुसता पुसता सांगितलं, म्हणून डेलची पाचावर धारण बसली.

आता तुम्ही म्हणाल, मग सामना सोडून सरळ जायचं! बरोबर आहे, तुम्ही प्लम क्रीकचे नाही. चालू सामन्यातून बायकोचं गाणं ऐकायला गेलेला कोच दुसऱ्या दिवशी कोच राहत नाही. पण अंपायरने हाकललेला कोच? तो वीर! त्याच्यासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. स्वतःहून गेला तर पळपुटा, हाकलला तर शूर. तेव्हा डेलचा बेत सोपा होता. तिसऱ्या डावापर्यंत एल्डनकडून हाकलून घ्यायचं, कपडे बदलायचे, केस ओले करून बसवायचे आणि बाकावर जाऊन बसायचं. एल्डनने पूर्वी त्याला नुसतं जोरात शिंकल्याबद्दलही बाहेर काढलं होतं. त्यात अवघड काय?

दुसऱ्या डावात संधी आली. पाहुण्या संघाचा एक खेळाडू धावत येऊन होम प्लेटवर, म्हणजे जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या पाटीवर, घसरला आणि एल्डनने त्याला नाबाद दिलं. डेल डगआउटमधून, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या खोपटातून, सुटला तो धुरळा उडवत. आल्याआल्या टोपी आपटली, दोन्ही हात आभाळाकडे फेकले आणि एल्डनच्या नाकाला नाक लावलं.

"एल्डन, बाबा, पाया पडतो तुझ्या, मला बाहेर काढ!"

एल्डन दचकला. पण पाठीमागे शेंगा फुटल्याचा आवाज येत होता. त्याने हात पाठीशी बांधले.

"काय झालं?"

"बायकोचं गाणं आहे साडेसातला, तिसऱ्या बाकावर बसायचंय!" डेलने हवेत मूठ नाचवली. "नाही गेलो तर बॅग ओसरीवर ठेवून घराबाहेर काढेल! त्यापेक्षा तू मैदानाबाहेर काढ!"

"नाही जमणार रे. वर बघू नकोस, हॅनरॅटी बसलेत. माझी बढती अडकलीय."

"कुठे?" डेलने वर बघितलंच. "तो गवती टोपीवाला? मेलेला वाटला मला."

"जिवंत आहेत आणि मोजतायत. डेल, आज मी कुणालाही काढणार नाही. एक दिवस तू सांभाळून घे."

"मीच का सांभाळून घेऊ!" आता डेलने छाती पुढे काढली. "तू मला गेल्या वर्षी शिंकलो म्हणून काढलंस!"

"ती शिंक माझ्या तोंडावर होती!"

दुरून पाहणाऱ्यांना दिसत होतं ते असं, की एक राक्षस हात फेकतोय, थुंकी उडवतोय आणि समोर एल्डन क्रूस हात मागे बांधून शांत उभा आहे. लोकांनी शिट्ट्या मारल्या. हॅनरॅटींनी एक शेंग फोडली. दोघांच्या पायाशी बसलेला बॅजर्सचा विकेटकीपर, बेसबॉलमध्ये त्याला कॅचर म्हणतात, मेंडोसा त्याचं नाव, तो तेवढा सगळं ऐकत होता. त्याने मुखवटा तोंडावर ओढून घेतला आणि खांदे हलवत बसला.

तिसऱ्या डावात डेल पुन्हा आला. या वेळी तक्रार कशाबद्दल हे त्याने ठरवलंच नव्हतं.

"तू अंपायरला शिवी देतोस की नाही?" एल्डनने ओठ न हलवता विचारलं. "दिलीस तर मलाही काही इलाज राहणार नाही."

"देता येत नाही ना! खिडक्या उघड्या आहेत!" डेलने चर्चकडे हात केला. लोकांना वाटलं, तो देवाला साक्षीला बोलावतोय. मग त्याने खोल श्वास घेतला, बोट एल्डनच्या छातीवर रोखलं आणि गर्जना केली, "तू... तू... तू भोपळा आहेस!"

मेंडोसाने मुखवटा वर करून बघितलं.

"भाजीपाल्यावर बाहेर काढता येत नाही," एल्डन म्हणाला.

"नासका भोपळा!"

"नासका असला तरी."

"तुझ्या चष्म्याला... तुझ्या चष्म्याला नमस्कार!"

"मी चष्मा लावत नाही, डेल."

"तेच तर म्हणतोय मी!"

मेंडोसा आता जमिनीवर आडवा झाला होता. "कोच," तो कण्हत म्हणाला, "माझ्या आजीला याहून बऱ्या येतात."

डेलने रागाने लाथ मारली. खोटा राग नव्हे, खरा. होम प्लेटवर माती उडाली. त्याने आणखी मारल्या, अगदी प्लेट दिसेनाशी होईपर्यंत. एल्डनने खिशातून छोटा ब्रश काढला, प्रेक्षकांकडे पाठ होणार नाही असा वाकला आणि प्लेट स्वच्छ झाडली. डेलने पुन्हा माती टाकली. एल्डनने पुन्हा झाडली. डेलने टाकली, एल्डनने झाडली. प्लम क्रीकच्या लोकांनी बॅजर्सचे सामने बरेच बघितले होते, पण इतकं घरकाम बघितलं नव्हतं.

"छान झाडतोस," शेवटी धापा टाकत डेल म्हणाला.

"आईने लावलेली सवय," एल्डन म्हणाला.

डेल परत गेल्यावर एल्डनने डोळ्याच्या कोपऱ्यातून वर बघितलं. हॅनरॅटींनी मान किंचित हलवली होती. बढती, एल्डन! बढती! त्याला आतून इतकं बरं वाटलं की पुढच्या चार चेंडूंचे निकाल त्याने जवळजवळ गाऊनच सांगितले.

पाचव्या डावापर्यंत डेलची दशा बघवत नव्हती. ऊन उतरलं होतं. चर्चसमोर गाड्या लागायला लागल्या होत्या. डगआउटच्या जाळीतून त्याला लोर्ना दिसली. निळा झगा, केसांत क्लिप. पायऱ्यांवर थांबून तिने मैदानाकडे एकदा पाहिलं आणि आत गेली. तेवढ्याने माणसाचं डोकं फिरलं. तो उठला, पहिल्या बेसकडे गेला, जमिनीत रोवलेली पांढरी गादी दोन्ही हातांनी उपटली, बगलेत मारली आणि डगआउटमध्ये आणून तिच्यावर बसला.

बेसच नाही तर खेळणार कशावर? पाहुण्या संघाचा कोच ओरडत आला.

"अंपायर! त्याने बेस चोरला!"

"दिसतंय," एल्डन म्हणाला.

"आमच्या माणसाला गेल्या महिन्यात दुसऱ्या अंपायरने नुसती बाटली लाथाडली म्हणून काढलं होतं! आणि हा बेसवर बसलाय!"

"थकला असेल."

गस खिशात हात घालून उभा होता. त्याच्या कपाळावरून घाम वाहत नाकावर आला होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

एल्डन डगआउटपाशी गेला. "डेल, बेस दे."

"आधी हाकल."

"नाही."

"मग बसलोय."

एल्डनने मैदानाच्या माळ्याला हाक मारून गोदामातून दुसरी गादी मागवली, स्वतः बसवली, पायाने दाबून बघितली आणि म्हणाला, "खेळा!" लोकांनी आता शिट्ट्या मारणं सोडून दिलं होतं. त्यांना काळजी वाटायला लागली होती. हॅनरॅटींची शेंगांची पिशवी तशीच राहिली होती आणि या वेळी मान हलली नव्हती. एल्डनने ते पाहिलं. फारच शांत तर दिसत नाही ना आपण? धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय अशी गत झाली होती.

तेवढ्यात चर्चची साडेसातची घंटा वाजली.

डगआउटमध्ये डेल उठून उभा राहिला. गादी काखेत घेऊन तो हळूहळू चालत मैदानात आला. जुनी गादी त्याने माळ्याच्या हातात दिली, तिच्यावरची माती झाडून दिली. मग तो एल्डनपुढे येऊन उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. हातवारे नाहीत, आवाज नाही. एवढा मोठा माणूस एकदम लहान दिसायला लागला.

"राहू दे, एल्डन," तो म्हणाला. "माझ्या संसाराचा धोंडा तुझ्या गळ्यात कशाला? चुकलं माझं. तुझी बढती होऊ दे. खरंच सांगतो, तू चांगला अंपायर आहेस."

अकरा वर्षं! अकरा वर्षांत एल्डनला भोपळ्यापासून आंधळ्या घुबडापर्यंत सगळं ऐकायला मिळालं होतं. हे एक वाक्य मिळालं नव्हतं. डोळ्यांपुढे तिसरा बाक आला, ओसरीवरची बॅग आली. टायरचं दुकानही आलं, डगल्यासकट. पण ते आलं तोवर उशीर झाला होता. एल्डनचा उजवा हात खालून निघाला, डोक्यावरून गेला, एक पाय हवेत उचलला गेला आणि वर्षभर न वापरलेल्या खांद्याने कडकन आवाज केला.

"बाहेर!!"

सगळ्यांनी जे पाहिलं ते असं होतं: डेलने माती टाकली, अंपायर गप्प. डेलने बेस पळवला, अंपायर गप्प. डेल टोपी काढून, मान खाली घालून, गोड आवाजात काहीतरी बोलला आणि अंपायरने त्याला हाकलून दिलं!

पण खरी अडचण पुढेच होती. कोच तो कोच. वीस वर्षांची सवय.

"काय?" डेल भडकला. "चांगलं म्हटलं म्हणून बाहेर? ही कुठली पद्धत! मी केलं काय?"

"डेल," एल्डन दातांतल्या दातांत म्हणाला, "जा."

"जाणार नाही! आधी कारण सांग! मला न्याय हवाय! मी अख्ख्या लीगला..."

"अरे, घंटा वाजली, गाढवा! जा की!"

डेलने चर्चकडे पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला, आणि तो धावत सुटला. डगआउटकडे नाही, कपडे बदलायला नाही. सरळ मैदानातून, कुंपणाकडे. त्या वयात, त्या देहाने तो कुंपणावर चढला कसा हे आजही कुणी सांगू शकत नाही. पलीकडे पडल्याचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला.

लोकांनी एल्डनला जे काही ऐकवलं ते इथे देता येत नाही. त्यात लोर्नाच्या अटी कुणालाच लागू नव्हत्या. एक अर्धं खाल्लेलं सँडविच त्याच्या पायाशी येऊन पडलं. पण मग उघड्या खिडक्यांतून गाणं सुरू झालं, आणि गर्दीचा आवाज आपोआप ओसरून कुजबुजीवर आला. लोर्नाचा आवाज बारीक होता, जरा कापत होता. एका ओळीवर तो अडखळून थांबला. लाकडी फरशीवर खिळ्यांच्या बुटांची खडखड ऐकू आली. बाक करकरला. मग आवाज पुन्हा उठला तो असा मोकळा, असा वर चढत गेला, की चेंडू टाकणाराही चेंडू हातात धरून ऐकत उभा राहिला.

"पोचला," मेंडोसा म्हणाला आणि मुखवट्याआडून नाक पुसलं.

एल्डनने खेळ थांबवायची खूण केली होती का, हे त्याला आठवत नव्हतं. पण गाणं संपेपर्यंत कुणी खेळलं नाही, एवढं खरं.

सामना संपल्यावर अंपायरांच्या खोलीत एल्डन बाकावर बसून होता. खांद्याला बर्फ लावलेला. मेव्हण्याला काय सांगायचं याची जुळवाजुळव मनात चालली होती. पोट तसं फारसं वाढलेलं नाही, एवढं तरी सांगता येईल. गस कोपऱ्यात उभा होता. त्याचे हात अजून खिशातच होते, कारण त्याला कुणी काढ म्हणालंच नव्हतं.

दार उघडलं. हॅनरॅटी आत आले, टोपी खुर्चीवर ठेवली.

"क्रूस, माती टाकली तेव्हा तू गप्प होतास."

"होय सर."

"भोपळा म्हणाला, तेव्हाही. तिकडे वरपर्यंत ऐकू आलं."

"होय सर."

"बेस घेऊन गेला. मी तीस वर्षं अंपायर होतो. बेसवर बसलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. तरी तू गप्प."

"होय सर."

"आणि मग तो टोपी काढून शांतपणे काहीतरी बोलला, आणि तू त्याला काढलंस." हॅनरॅटी त्याच्यापुढे वाकले. "काय बोलला तो? जसंच्या तसं सांग."

एल्डनने खांद्यावरचा बर्फ खाली ठेवला. खोटं बोलायचं? अंपायर खोटं बोलला तर मग उरलं काय? त्याने डोळे मिटले आणि सांगून टाकलं.

"म्हणाला, खरंच सांगतो, तू चांगला अंपायर आहेस."

हॅनरॅटींचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"तोंडावर?"

"होय सर."

"टोपी काढून?"

"होय सर."

"नीच माणूस!" हॅनरॅटींनी मूठ टेबलावर आपटली. "तीस वर्षांत मला लोकांनी काय काय म्हटलं! आंधळा म्हटलं, चोर म्हटलं, माझ्या आजोबांपर्यंत गेले. पण इतकं खालच्या थराला कुणी गेलं नाही! आणि तू? सगळं सोसलंस, आणि बरोबर तिथेच हात वर केलास. यालाच म्हणतात पारख! पुढच्या सोमवारपासून वरच्या लीगमध्ये रुजू हो." दारात ते पुन्हा थांबले. "आणि त्या मकनीलीला मी तीन दिवस बंदी घालतोय. अंपायरची इतकी क्रूर थट्टा मी माझ्या लीगमध्ये खपवून घेणार नाही!"

ते गेले. नाही हो सर, तो मनापासून म्हणाला होता, हे वाक्य एल्डनच्या अगदी ओठांवर आलं होतं. तो उठलाही. दारापर्यंत गेलाही. मग तिथेच थांबला.

"गस," तो हळूच म्हणाला, "तू जवळच होतास, ऐकलंस ना त्याचं? मनापासूनच म्हणाला ना रे तो?"

गसने खिशातले हात आणखी खोल घातले.

"आता तुम्ही विचारता म्हणून सांगतो," तो म्हणाला, "असली थट्टा ऐकून मलाही तेव्हाच जरा लागलं होतं."